टोल पडला की निघायचं

मी गावातला पोस्टमन. कागदावर ग्रामीण डाक सेवक. चाळीसगाव तालुक्यात, तितूरच्या काठावर आमचं गाव, साडेतीनशेच्या आसपास उंबरे. पत्रं आता येत नाहीत म्हटलं तरी चालेल. आलीच तर बँकेची नोटीस, आधार कार्ड, नाहीतर सुरतेला गेलेल्या पोराचं पार्सल. माझं खरं काम अंगठ्याचं. 2018 साली पोस्टाची पेमेंट बँक सुरू झाली, हातात मोबाईल आणि बोटाचा ठसा घ्यायचं छोटं मशीन आलं, आणि श्रावणबाळचे, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी पेन्शनचे, पैसे घरी नेऊन द्यायला लागलो. आयुष्यभर कापूस वेचलेल्या, निंदणी केलेल्या बायांचे अंगठे मशीन ओळखत नाही. मग बोट ओल्या फडक्यानं पुसा, लुगड्याला घासा, दुसरं बोट लावा. एकेका ओट्यावर पंधरा-वीस मिनिटं जातात. तेवढ्यात कोणाला काय दुखतं, कोणाचा पोरगा फोन करत नाही, कोणाची सून कशी वागते, सगळं कळतं.

म्हणजे गावातल्या म्हाताऱ्यांची माहिती माझ्याइतकी कोणाकडे नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची गोष्ट माझ्याच विसरण्याची आहे.

30 ऑगस्ट 2021, गोकुळाष्टमी. रात्री बारापर्यंत मंदिरात भजन, पाळणा, सुंठवडा, सगळं झालं. पाऊस लागून होता, पण श्रावणात तो असतोच. वर पाटणादेवीच्या डोंगरात, कन्नड घाटाकडं ढग रिकामे होत होते ते आम्हाला इथं खाली कसं दिसणार? घाटात त्या रात्री दरडी कोसळल्या, रस्ता बंद झाला, हे सगळं दुसऱ्या दिवशी समजलं. पहाटे कोणीतरी मंदिराची घंटा वाजवायला लागलं. मी अंथरुणातच होतो. वाटलं, भजन अजून चालूच आहे. अर्ध्या गावाला तेच वाटलं. घंटा ज्यासाठी वाजत होती ते पाणी तोवर खालच्या गल्लीत गुडघ्याएवढं झालेलं होतं.

खालच्या गल्लीत वेशीजवळ जिजी राहते. ऐंशीच्या आसपास वय, एकटी, दोन बकऱ्या. मी आणि शेजारचा एक पोऱ्या तिला आणायला गेलो. जिजी दारात उभी, पाणी पोटऱ्यांना, हातात बकऱ्यांचं दावं. मी म्हटलं, "जिजी, चल." ती म्हणाली, "मी नही येत. मन्ह्या बकऱ्यासले कोन लई जाई?" वाद घालायला वेळ नव्हता. पोऱ्यानं तिला पाठीवर घेतली, ती त्याला बुक्के मारत होती. बकऱ्या राहिल्या. तालुक्यात त्या पुरात शेकडो गुरं मेली, आणि त्यातली किती तरी वाहून नाही गेली, खुंट्याला बांधलेली होती म्हणून जागच्या जागी बुडाली. जिजीच्या दोन्ही त्यातल्याच.

पण विसरलो तो टेलरबाबांना. त्यांना दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. मागच्याच आठवड्यात त्यांच्या हातात हजार रुपये मोजले होते, पाठीवर थाप मारून "येतो" म्हटलं होतं. पहाटे चारपासून आठपर्यंत मी गावभर फिरलो आणि एकदाही ते माझ्या डोक्यात आले नाहीत. सकाळी दार तोडलं तेव्हा ते धान्याच्या पत्र्याच्या कोठीवर उकिडवे बसलेले होते. शिलाई मशीनचं मुंडकं काढून मांडीवर घेतलेलं. अंगाला पाणी लागलं तेव्हा जाग आली म्हणाले. मला बघून हसले. ते हसणं मला अजून सहन होत नाही.

आठवड्यावर पोळा होता. कित्येक गोठ्यांत पूजायला बैलच नव्हते.

*

जिजीला शाळेत आणून बसवली. चार दिवस तिच्या पोटात ब्लडप्रेशरची गोळी नव्हती. कोणती गोळी, तर "पांढरी, बारीक, गोल". पाकीट पाण्यात गेलेलं. शिबिरात आलेल्या डॉक्टरांनी विचारलं, तिनं तेच सांगितलं. डॉक्टर बिचारे म्हणाले, आजी, माझ्या पेटीत पांढऱ्या बारीक गोल अशा वीस गोळ्या आहेत. चौथ्या दिवशी तिचं डोकं गरगरायला लागलं तेव्हा चाळीसगावला नेली. पुढं त्याच डॉक्टरांनी मला समजावलं की ॲटेनोलॉलसारखी गोळी एकदम तोडली तर उलटा झटका बसतो, दाब होता त्याहून वर जातो. पुरातून वाचलेलं माणूस गोळीवाचून जायचं.

हे दोन, टेलरबाबा आणि जिजीची गोळी, डोक्यातून जात नव्हते. 2022 च्या उन्हाळ्यात मी जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर यादी करायला घेतली. पासष्टच्या वर माणसं निघाली 94. त्यातली स्वतःच्या पायानं, स्वतःच्या डोक्यानं वेळेवर निघू शकतील ती सोडली तर उरली 31. एकतीसमधले बारा अगदी एकटे, बाकी नवरा-बायको दोघंच, नाहीतर घरात पोरं आहेत पण रात्रपाळीला असतात.

पहिल्यांदा मी जे केलं ते आता आठवलं की हसू येतं. समाजमंदिरात बैठक घेतली. इंटरनेटवरून एक कागद काढला होता: टॉर्च, शिट्टी, बिस्किटं, पाण्याची बाटली, प्रथमोपचार पेटी, कागदपत्रांच्या प्रती, रेडिओ. सरपंच दोन शब्द बोलले. मी अर्धा तास बोललो. चहा झाला. वर्गणीतून पिशव्या आणल्या होत्या, त्या वाटल्या. महिन्याभरानं बाजारच्या दिवशी बघतो तर त्याच पिशव्यांतून वांगी चाललेली. शिट्ट्या नातवंडांनी पळवल्या. एका आबांनी बिस्किटं त्याच रात्री दुधात बुडवून खाल्ली आणि मला प्रामाणिकपणे सांगितलं, "चांगली होती."

दोष त्यांचा नव्हता. मी त्यांना पिशवी दिली, पण निघायचं ठरलंच नव्हतं तर पिशवी घेऊन करायचं काय?

मग बैठका बंद केल्या. पैसे द्यायला जातो तेव्हा अंगठा लागेपर्यंत एकच प्रश्न विचारायला लागलो. रात्री दोनला कोणी दार वाजवलं आणि निघ म्हणालं, तर निघशील का?

एकतीसपैकी सव्वीस जण नाही म्हणाले. म्हातारी माणसं हट्टी, असं म्हणून आपण मोकळे होतो. मीही तेच म्हणत होतो. पण "का नाही?" म्हणून पुढं विचारलं आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसलो (हे गप्प बसणंच अवघड, मशीन टूं टूं करत असतं), तेव्हा प्रत्येकाचं कारण निराळं निघालं. आणि एकही कारण येडेपणाचं नव्हतं.

जिजीनं नव्या बकऱ्या घेतल्या होत्या, ते कारण सांगायलाच नको. एका बाईच्या देव्हाऱ्यात कानबाईचं, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीचं, नारळ. ते पाण्यात गेलं तर? एक काकू म्हणाल्या, शाळेत संडासाला कुलूप असतं, रात्री कुठं बसू? गुडघे वाकत नाहीत त्यांचे, घरी मुलानं प्लास्टिकच्या खुर्चीला भोक पाडून दिलेलं आहे, त्याच्यावाचून त्यांचं होत नाही. पुराच्या त्या चार दिवसांत त्यांनी पाणीच पिणं सोडलं होतं, हे मला एका वर्षानं कळलं. एका आबांची बायको अंथरुणाला खिळलेली. ते म्हणाले, "हिला टाकून मी कसा निघू, आणि हिला उचलायला कोण येणार?" दोघांचं भावकीचं होतं. शाळेचा रस्ता चुलतभावाच्या अंगणातून जातो, आणि त्या अंगणात एकोणीस वर्षं पाय ठेवलेला नाही. एका म्हातारीनं खूप आढेवेढे घेऊन सांगितलं की भिंतीच्या कोनाड्यात मातीनं लिंपून चांदीची कडी ठेवलेली आहेत. ती कुठल्या भिंतीत ते मी यादीत लिहिलेलं नाही, आणि इथंही लिहीत नाही.

आणि एका नानांनी सरळ सांगितलं, "मरनं व्हई ते आठेच मरसू." म्हणजे मरायचं तर इथंच मरेन. त्यांच्यासमोर मी बराच वेळ बसलो. शेवटी निघालं असं की 2021 ला त्यांना दोन पोरांनी उचललं तेव्हा धोतर सुटलं होतं, आणि ते गल्लीतल्या बायांनी पाहिलं होतं. बास. एवढंच. आता त्यांच्या उशाशी नाडीचा पायजमा असतो.

तेव्हापासून माझ्या रजिस्टरमध्ये नावापुढचा पहिला रकाना औषधाचा नाही. पहिला रकाना "कशामुळे निघणार नाही" हा.

*

कारणं सोडवायला पावणेदोन वर्षं लागली, आणि सगळी काही सुटली नाहीत.

गुरांचं सगळ्यात सोपं निघालं. पावसाळ्याचे चार महिने दाव्याला सुरगाठ मारायची, शेपूट ओढलं की सुटली पाहिजे. जिजीच्या बोटांना संधिवात, पक्की गाठ तिला दिवसासुद्धा सुटत नाही. एका गुराख्यानं तिला गाठ शिकवली. तिनं मला दहा वेळा ओढून दाखवली आणि दहाव्या वेळी बकरी खरंच पळाली.

संडासाचं सगळ्यात अवघड गेलं. शाळेची किल्ली शिपायाकडं, आणि शिपाई राहायला दुसऱ्या गावी. म्हणजे पूर आला की जिथं जायचं असं सगळे म्हणत होते त्या इमारतीला रात्री कुलूप, आणि किल्ली नदीपलीकडं! हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण 2021 ला गोकुळाष्टमीच्या कार्यक्रमाच्या सतरंज्या ठेवायला शाळा योगायोगानं उघडी होती. दुसरी किल्ली बनवून वरच्या गल्लीतल्या किराणा दुकानात ठेवायला तीन अर्ज, एक ठराव आणि सहा महिने लागले. भोकाची खुर्ची मात्र एका दिवसात झाली. तशा दोन खुर्च्या आता शाळेच्या कोठीच्या खोलीत आहेत.

गोळ्यांसाठी मी मेडिकलवाल्याकडून एक गोष्ट शिकलो. पट्टी आपण कुठूनही कापतो, आणि नाव ज्या टोकाला छापलेलं असतं तेच टोक आधी संपतं. मग उरतात बिननावाच्या चार गोळ्या. आता प्रत्येकाच्या रिकाम्या पट्टीचं नावाचं टोक कापून पोस्टकार्डावर चिकटवलं आहे. खाली मोठ्या अक्षरांत: सकाळी एक, रात्री एक, कशासाठी, कोणत्या डॉक्टरची, कशाची ॲलर्जी. मागं दोन फोन नंबर, एक गावातला, एक बाहेरच्या पोराचा. कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात, सोबत सात दिवसांच्या गोळ्या आणि आधारची झेरॉक्स. बायका ते पाकीट बटव्यात घालून कनवटीला लावतात. पुरुषांसाठी टेलरबाबांनी बंडीला आतून खिसा शिवून दिला, फुकट, सतरा बंड्या. मी दर महिन्याला पैसे द्यायला जातो तेव्हा आधी पाकीट बघतो, जुन्या गोळ्या खायला काढायच्या, नव्या आत. असं केलं नाही तर वर्षभरात पाकिटातल्या गोळ्यांची तारीख निघून जाते.

साखरेच्या एका आबांचं इन्सुलिन होतं, ते पाकिटात मावणारं नाही. उघडलेली कुपी फ्रिजबाहेर साधारण चार आठवडे टिकते, पण तीस अंशांच्या आत ठेवली तर, असं डॉक्टर म्हणाले. आमच्याकडं मे महिन्यात रात्री दहालासुद्धा घरात पारा तीसच्या खाली येत नाही. तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात डबी, वर ओलं फडकं, आणि मडकं वाऱ्याला ठेवायचं. वीज गेली की आबा फ्रिजमधून तिकडं हलवतात. बर्फात ठेवू नका हे त्यांना चारदा सांगावं लागलं, कारण गोठलेलं इन्सुलिन फुकट जातं आणि दिसायला मात्र पहिल्यासारखंच दिसतं.

*

इथं थोडं बाजूला जाऊन उन्हाचं सांगतो. पुराला लोक जमतात, फोटो निघतात, पंचनामे होतात. ऊन कोणाचं दार तोडत नाही. जळगाव-भुसावळकडं पारा पंचेचाळीसला टेकतो याचं आम्हाला कौतुकच जास्त. पण पत्र्याच्या खोलीत दुपारी एकटं पडलेलं म्हातारं माणूस तहान लागत नाही म्हणून पाणी पीत नाही. वयानं तहानच मंद होते. त्यात ब्लडप्रेशरसाठी लघवीची गोळी चालू असली की अंगातलं पाणी आणखी जातं. संध्याकाळी सून घरी येते तेव्हा माणूस बरळत असतं आणि सगळ्यांना वाटतं, वय झालं.

रजिस्टर हाताशी होतंच. पत्र्याखाली राहणारी माणसं कोण आणि धाब्याच्या घरात राहणारी कोण, हे दोन रंगांच्या पेनांनी लिहिलं. धाब्याचं जुनं घर, जाड मातीच्या भिंती, वर मातीचं छत, मे महिन्यात गारेगार. मग दुपारी बारा ते चार पत्र्यातल्या माणसानं शेजारच्या धाब्यात जाऊन पडायचं. पत्ते, गप्पा, माठातलं पाणी. हृदयाचा नाहीतर किडनीचा त्रास असलेल्या तिघांनी पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारून कार्डावर लिहिलं, बाकीच्यांना तासाला पेलाभर.

आणि गंमत म्हणजे ऑगस्टमध्ये हेच उलटं. झड लागली, तीन-चार दिवस पाऊस उघडलाच नाही, की धाब्याची भिंत पाणी पिते आणि रात्री बसते. पूर नदीतून यायची वाट बघायला नको, घरच अंगावर येतं. म्हणून धाब्यातल्या माणसांसाठी वेगळा नियम: छतातून माती गळायला लागली, भिंतीला नवी चीर दिसली, दार चौकटीत अडकायला लागलं, की त्याच संध्याकाळी पत्र्याच्या नाहीतर स्लॅबच्या घरी झोपायला. मे महिन्यात तो पाहुणा माझ्या घरी, ऑगस्टमध्ये मी त्याच्या घरी. हे लोकांना लगेच पटलं. उपकार कोणाचेच राहत नाहीत ना.

*

इशारा कसा द्यायचा, यावर भांडणंच झाली. मंदिराचा भोंगा विजेवर चालतो, आणि पुरात वीज आधी बंद करतात, करायलाच हवी. घंटेचं काय झालं ते सांगितलंच. 2023 मध्ये सरकारनं मोबाईलवर इशाऱ्याची चाचणी घेतली तेव्हा फोन असा काही किंचाळला की एका आजींनी तो पाण्याच्या बादलीत टाकला. आणि ज्यांच्याकडं बटणांचा साधा फोन आहे, म्हणजे माझ्या यादीतले जवळजवळ सगळेच, त्यांच्याकडं काहीच वाजलं नाही.

शेवटी तोडगा काढला आमच्या जुन्या कोतवालानं. शाळेचा टोल म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा. चाळीसगाव जंक्शन जवळ, आमच्या भागात बऱ्याच शाळांना असाच टोल. तो रात्री कधीच वाजत नाही. ना भजनाला, ना वरातीला. तेव्हा ठरलं: अंधारात टोल पडला की निघायचं. कशासाठी, किती पाणी, ते शाळेत पोचल्यावर विचारायचं.

टेलरबाबांना टोल काय कामाचा? त्यांची युक्ती त्यांचीच. खाटेच्या पायाला सुतळी बांधून ती खिडकीतून शेजारच्या ओट्यावर काढली. ओढली की खाट हलते. आधी त्यांनी ती पायाच्या अंगठ्याला बांधली होती, पण गल्लीतल्या पोरांना कळलं आणि तीन रात्री म्हातारा झोपला नाही.

फोनचं म्हणाल तर 112 सगळ्यांच्या बटणावर टाकून दिला, 108 ॲम्ब्युलन्सचा बऱ्याच जणांना पाठ होता, आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा 1077 भिंतीवर कोळशानं लिहिला. कागद भिजतो, फाटतो.

राहिलं कोण कोणाला आणायला जाणार. मी आधी एकेका म्हाताऱ्यामागं एकेक तरणा पोऱ्या लिहिला होता. जून 2023 मध्ये रात्री नऊला सराव घेतला. एकतीस पोरांपैकी हजर नऊ. बाकीचे सुरत, चाकण, नाशिक, दोन लग्नाला, एक क्रिकेटला. शिवाय अंथरुणाला खिळलेल्या काकूंना प्लास्टिकच्या खुर्चीवर उचललं तर खुर्चीचा पाय मोडला. नशीब, त्या पडल्या नाहीत. मला मात्र त्या दिवशी जे ऐकावं लागलं ते रास्तच होतं. आता त्यांच्यासाठी दोन बांबू आणि जाड गोधडी शिवलेली झोळी दाराआड उभी असते. सरावात जिवंत माणसाच्या जागी आधी ज्वारीचं पोतं उचलून बघायचं, हेही तेव्हाच शिकलो.

दुसऱ्या यादीत पोरांच्या ऐवजी सुना लिहिल्या. दोघी-दोघी, एक लगतच्या घरातली, एक वरच्या गल्लीतली. सुना रात्री घरी असतात. आणि म्हातारं माणूस कोणाच्या हाकेला दार उघडतं हे मी त्यालाच विचारलं. भावकीवाल्या दोघांपैकी एकानं, कोणाचं नाव सांगावं? ज्या चुलतभावाशी बोलणं नाही त्याच्याच सुनेचं. "ती पोरगी चांगली आहे," एवढंच म्हणाले. दुसऱ्यांचं अजून सुटलेलं नाही. त्यांच्यासाठी आम्ही मागच्या बाजूनं, उकिरड्याच्या कडेनं लांबची वाट ठरवली आहे. अकरा मिनिटं जास्त लागतात.

सगळ्यांना विचारून झालं, आणि माझी आई घरात बसून हे दोन वर्षं ऐकत होती. एक दिवस जेवताना म्हणाली, "गावले इचारस, माले नही इचारं." विचारलं. ती म्हणाली, मी निघेन, पण तू त्या रात्री गावभर फिरत असशील, मला कोण नेणार? मी तिचं नाव यादीत घातलंच नव्हतं. बत्तिसावं नाव तिचं.

*

गेल्या पावसाळ्यात एका रात्री टोल पडला. पूर म्हणावा असा नव्हता. पाणी मारुतीच्या पारापर्यंत आलं आणि पहाटे उतरलं. पण खालच्या गल्लीतली अकरा माणसं हलवायची होती. कोतवालानं टोल दिला एक वाजून दहा मिनिटांनी. शाळेचं दार उघडलं एक चोवीसला, कारण किराणावाला किल्ली शोधत होता. किल्ली गल्ल्यात होती आणि गल्ल्याची किल्ली बायकोकडं. हे आता बदललं आहे, खिळ्याला टांगलेली आहे.

टेलरबाबा सगळ्यात आधी पोचले, बंडी घालून, हातात मशीनचं मुंडकं. मी हातवाऱ्यानं विचारलं, सुतळी कोणी ओढली? त्यांनी सगळ्या गल्लीकडं बोट दाखवलं. चौघांनी ओढली होती. खाट फिरून भिंतीला लागली होती.

नाना पायजमा घालून आले, ताठ. संडासवाल्या काकूंनी खोलीत शिरताच आधी आपली खुर्ची कुठं आहे ते पाहिलं, मग पाणी मागितलं. कानबाईचं नारळ स्टीलच्या डब्यात, डबा फळ्याखाली टेबलावर, आणि कोणीतरी त्याच्यापुढं उदबत्तीही लावलेली. एक आजी पाकीट विसरली, तिच्या गोळ्या सकाळी आणाव्या लागल्या. एक आबा आलेच नाहीत. त्यांच्यासाठी ठरलेल्या दोन्ही सुना माहेरी गेल्या होत्या, आणि हे मला माहीत नव्हतं. माझ्या लक्षात आलं दीड वाजता, हजेरी घेताना, आणि मी स्वतः जाऊन आणले. पाणी त्यांच्या ओट्याच्या खाली दोन बोटं होतं. आता सण आणि लग्नसराईत यादी पुन्हा विचारून घेतो.

जिजीच्या दाराशी ठरलेली सून पोचली तेव्हा जिजी आतूनच ओरडली, "पहिले बकऱ्या लई जाय, मंग मी येसू." सुनेनं गाठ ओढली, बकऱ्या पुढं, मागं जिजी काठी टेकत, कनवटीला बटवा. कोणाच्या पाठीवर नाही, स्वतःच्या पायानं.

सकाळी मुख्याध्यापक आले. शाळेच्या मागं मुलांनी वाढवलेली रोपवाटिका होती, शेवगा, कढीपत्ता, सीताफळ. त्यातलं काही उरलेलं नव्हतं. जिजीच्या बकऱ्या निवांत रवंथ करत बसलेल्या. सर माझ्यावर चिडले, मी जिजीकडं पाहिलं, जिजी म्हणाली की बकऱ्या कुठं बांधायच्या ते कागदावर लिहिलेलं नव्हतं. खरंच नव्हतं. मी रजिस्टर काढलं आणि तिच्या नावापुढं लिहून घेतलं: बकऱ्या हापशाच्या कठड्याला, दावं आखूड.

मुख्याध्यापकांनी रोपांचे चारशे रुपये सांगितले. त्यावर अजून बोलणं चालू आहे.